सहावा आवाज

रिव्हॉल्व्हर आणायला गेले तो दिवस अगदी साधा होता. सकाळी दुकानात दोन चष्मे दिले, एका आजोबांच्या फ्रेमचा निसटलेला स्क्रू बसवून दिला आणि अकराच्या सुमाराला शटर ओढून पोलीस ठाण्यात गेले. मी लोकांचे डोळे तपासते, चष्मे करते. हत्याराशी माझा संबंध आला तो नवऱ्यामुळे, आणि तोही तो गेल्यानंतर.

जप्त केलेला माल ठेवतात त्या खोलीत कारकुनानं एक कापडी पिशवी काढली, तिच्यावरची लाख फोडली आणि आतलं टेबलावर मांडलं. घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात मी ते पूर्वी पाहिलेलं होतं, पण असं ट्यूबलाइटखाली, उघड्यावर कधी नाही. लहान चणीचं, तळहातात मावेल एवढं. आखूड नळी. मुठीचं लाकूड अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं. काडतुसं भरायच्या फिरकीत सहा नाही, पाचच घरं. खिशात ठेवायची वस्तू आहे बाई, कारकून म्हणाला, लांबचा नेम यानं लागत नाही. मग घाईघाईनं पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. माझा नवरा कसा गेला ते त्या ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी ते सांगते.

गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत माझ्या नवऱ्याकडे सुरुंगाच्या दारूची कोठी होती. त्यासाठीच त्याला हत्याराचा परवाना मिळाला होता. पुढे खाण बंद पडली, कामगार गेले, यंत्रं गंजायला लागली. पण कोठी रिकामी होईपर्यंत राखणीला हा एकटा राहिला. दिवसभर बोलायला माणूस नाही. मग दर शनिवारी दुपारी तो खाणीच्या तळाशी उतरायचा, मातीच्या बांधाला टेकवलेल्या फळीवर कागदी निशाण लावायचा आणि पाच गोळ्या झाडायचा. घरी आला की मूड चांगला असायचा. मला वाटायचं, बरंय, काहीतरी विरंगुळा आहे.

एका शनिवारी त्यानं आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बरोबर नेलं. आप्पा घड्याळं दुरुस्त करतात. खाणीच्या कचेरीतलं भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवून आणायचं होतं. आप्पा वर कचेरीत, नवरा खाली तळाशी. आप्पांनी गोळ्यांचे आवाज ऐकले, घड्याळाचे स्क्रू सोडवले, हाक मारली. उत्तर आलं नाही. ते खाली गेले तेव्हा तो उताणा पडला होता. गोळी छातीत. रिव्हॉल्व्हर त्याच्याच हातात, आणि त्यात पाचच्या पाच रिकाम्या पुंगळ्या. समोरच्या कागदाला पाच भोकं. मागच्या बांधातून पोलिसांनी पाच गोळ्या उकरून काढल्या. छातीतली सहावी. मापानं तशीच. दुसरं हत्यार सापडलं नाही. दुसऱ्या माणसाच्या पावलांच्या खुणाही सापडल्या नाहीत, आप्पांच्या सोडून.

आप्पांनी पोलिसांना एकच गोष्ट सांगितली आणि ती कधी बदलली नाही. आवाज सहा झाले. पाच त्याचे. मग थोडा वेळ. मग सहावा. पोलीस म्हणाले, खाणीत आवाज घुमतो, तुम्ही प्रतिध्वनी मोजला असेल. आप्पा म्हणाले, चाळीस वर्षं टोले मोजतोय, मला पाच आणि सहा यातला फरक कळतो. त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही. पण गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. त्यांच्याकडे घड्याळं येईनाशी झाली.

आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्या सकाळी बापलेकांत झालेलं भांडण मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. नवऱ्याला खाण सोडून मला घेऊन मोठ्या शहरात जायचं होतं. आप्पा म्हणाले होते, खुशाल जा, पण मग परत तोंड दाखवू नकोस. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. का नाही, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. माझी आई म्हणायची, त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहतेस तरी कशी. मी म्हणायचे, त्यांना दुसरं कोण आहे. पण मनातलं कारण वेगळं होतं. मला त्यांच्यावर नजर ठेवायची होती. तीन वर्षं मी त्यांना जेवायला वाढलं, त्यांच्या औषधांच्या वेळा पाळल्या आणि ते कामाला बसले की त्यांचे हात बघत राहिले. केसाएवढा स्क्रू पहिल्या फटक्यात बसवणारे हात. मी बघते हे त्यांना कळत होतं.

मग तपासाची फाइल बंद झाली आणि हत्यार वारसानं न्यावं म्हणून पत्र आलं. मी ते सरकारजमा करून टाकणार होते. तेव्हा आप्पांनी तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. ते घरी आण, म्हणाले.

परवाना नावावर करायचा तर चार दिवस नेमबाजी शिकावी लागते. शिकवायला एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की लहान हत्याराला लहान समजू नका. वजन कमी, नळी आखूड, त्यामुळे सगळा धक्का मनगटात येतो. चापही जड असतो, लांबवर ओढावा लागतो, आणि ओढता ओढता नेम हलतो. पहिल्या दिवशी माझी एकही गोळी कागदाला लागली नाही. चौथ्या दिवशी पाचपैकी तीन लागल्या. आणि कबूल करते, मला ते आवडायला लागलं होतं. श्वास सोडायचा, तो संपता संपता चाप दाबायचा. तेवढ्या क्षणात डोक्यात दुसरं काहीच राहत नाही. नवरा शनिवारी खुशीत का परतायचा ते तेव्हा कळलं.

शिक्षण संपलं त्या संध्याकाळी आप्पांनी मला समोर बसवलं. त्यांचा डावा कान गेलेला होता आणि उजवाही चालला होता. पुढच्या वर्षी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"पोरी, कान आहेत तोवर एकदा तिथं चल," ते म्हणाले. "तू पाच झाड. मी मोजतो. तूही मोज. मग तुला काय वाटायचं ते वाटू दे."

त्या रविवारी आम्ही गेलो. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. भुताखेताची वेळ म्हणतात तसं काही नव्हतं. खाणीच्या कापलेल्या भिंती पायऱ्यांसारख्या खाली उतरत गेलेल्या, एका बाजूला तळाशी हिरवं, न हलणारं पाणी. दगडाच्या भुकटीचा कोरडा वास. वाट उतरताना आमच्या पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. तळाशी पोचलो आणि तो यायचा थांबला. आप्पांना ते जाणवलं नसावं. मला जाणवलं.

फळी तशीच होती, पावसानं काळी पडलेली. मी कागद लावला. आप्पांनी त्यांचा मुलगा उभा राहायचा ती जागा दाखवली, फळीपासून पंधरा पावलांवर, आणि स्वतः माझ्यामागे एका दगडावर बसले. मी काडतुसं भरली, फिरकी बंद केली. शिकवलेलं हातात उतरतं. एक. घुमलेला आवाज भिंतीभिंतीवर आपटत वर निघून गेला. दोन. तीन. प्रत्येक वेळी मी घुमणं पुरतं विरेपर्यंत थांबत होते. चार. पाच.

मी रिव्हॉल्व्हर खाली केलं. शांतता. एक माणूस श्वास घेईल आणि सोडेल, एवढा वेळ.

मग सहावा आवाज झाला.

तो प्रतिध्वनी नव्हता. प्रतिध्वनी फाटका असतो, बाजूनं येतो. हा कोरा होता, कडक, आणि समोरून आला. फळीकडून. माझ्या डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं आणि मागच्या भिंतीवरून दगडाची कपची उडून आप्पांच्या पायाशी पडली.

"सहा," आप्पा म्हणाले. बस, एवढंच. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण मला आधी भीती वाटलीच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तीन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. भांडणाचं मी पोलिसांना सांगितलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. मला माहीत होतं, म्हणाले, तू ऐकलंस ते.

भीती नंतर आली, मी कागद काढायला गेले तेव्हा. माझ्या गोळ्यांची भोकं इकडेतिकडे विखुरलेली होती. गोळी समोरून शिरते, तशा त्यांच्या कडा मागे वळलेल्या. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात आणखी एक भोक. त्याच्या कडा पुढे, आमच्याकडे वळलेल्या होत्या. लाकडाचे तुकडेही आमच्याच बाजूला उडालेले. फळीमागे हात घालून पाहिलं. घट्ट, ओलसर मातीचा बांध. त्यात बोट शिरेल एवढीही फट नव्हती.

घरी आलो. दोघांनाही झोप लागणार नव्हती, म्हणून मी नवऱ्याचं कपाट उघडलं. तो वापरलेले कागद टाकून द्यायचा नाही, प्रत्येकावर तारीख घालून गुंडाळून ठेवायचा. तीन वर्षं मी त्या गुंडाळीला हात लावला नव्हता. आता एकेक कागद टेबलावर पसरला, दुकानातला दिवा आणि भिंग आणलं. भोकाची कड कुठे वळलीय हे भिंगाखाली स्पष्ट दिसतं.

प्रत्येक कागदाला एक भोक उलटं होतं. पहिल्या कागदावर ते अगदी काठाला, कागद जेमतेम फाटलेला. महिन्याभरानंतरच्या कागदावर थोडं आत. नवऱ्याचा नेम सुधारत गेला होता, पाची भोकं जवळजवळ यायला लागली होती. आणि तसतसं ते सहावंही मध्याकडे सरकत होतं. मागच्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात त्यानं दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं 'मी'. दुसऱ्यावर 'तो'. खाली गुण. आठवड्यामागून आठवडे त्यानं दोघांचे गुण लिहिले होते, पत्त्यांच्या डावात लिहितात तसे. एका कागदावर लिहिलं होतं, 'आज त्याला हसू आलं असेल.' शेवटच्या काही कागदांपैकी एकावर: 'तो सुधारतोय. मजा येतेय.'

आप्पांनी ते दोनदा वाचलं. "एकटा होता ना तो," ते म्हणाले. "दिवसभर... कुणीतरी लागतंच माणसाला."

पोलिसांच्या पिशवीत त्या दिवशीचा कागदही परत आला होता. त्यावर पाच भोकं, पोलिसांनी मोजली होती तशी. मी भिंग मधल्या भोकावर धरलं. अगदी केंद्रात बसलेलं होतं ते, नवऱ्यानं मारलेली सगळ्यांत चांगली गोळी. त्याच्या कडा दोन्हीकडे फाटलेल्या होत्या. एक गोळी तिकडे गेली होती आणि त्याच भोकातून दुसरी इकडे आली होती.

मी आप्पांना सांगितलं की आता पुन्हा तिथं जायचं नाही. आपण झाडलेली प्रत्येक गोळी त्याला शिकवते. त्यांनी हो म्हटलं. मी रिव्हॉल्व्हर दुकानातल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि ते परत करायचा अर्ज लिहायला घेतला.

पण जन्मभर घड्याळं उघडणाऱ्या माणसाला कुलूप म्हणजे काय. आठवड्यानं मी दुपारी जेवून दुकानात परतले तर कपाट उघडं होतं. कुलूप तुटलेलं नव्हतं, हलक्या हातानं सोडवून शेजारी ठेवलेलं होतं. आत हत्यार नव्हतं. आप्पा घरीही नव्हते.

खाणीपर्यंत स्कूटर कशी नेली ते मला आठवत नाही. वरच्या काठावर पोचले तेव्हा पहिला आवाज झाला. खाली आप्पा उभे होते, त्यांचा मुलगा उभा राहायचा तिथंच, अंगात राखाडी कोट, दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरून. मी हाका मारत वाट उतरायला लागले. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. दुसरा. त्यांनी आयुष्यात कधी गोळी झाडली नव्हती. धक्क्यानं म्हातारा देह मागे जात होता, सावरून पुन्हा उभा राहत होता. तिसरा. मी घसरले, गुडघा फुटला, उठले. चौथा. आता एकच उरली होती, आणि त्यानंतर एका श्वासाएवढा वेळ, हे मला ठाऊक होतं. त्या वेळात मला पोचायचं होतं.

मी पोचले आणि मागून त्यांचा खांदा धरून ओढला. ते दचकून वळले आणि त्याच क्षणी आवाज झाला. पाचवा. मला वाटलं, माझ्या धक्क्यानं त्यांच्याकडून चाप दाबला गेला. मी त्यांना खाली पाडलं, त्यांच्यावर आडवी झाले आणि डोळे मिटून सहाव्याची वाट पाहत राहिले. एक श्वास गेला. दुसरा. दहावा. काही झालं नाही. मी हसायलाही लागले असेन.

"ऊठ," आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले. "पोरी, मी चारच झाडल्यात."

त्यांनी फिरकी बाहेर काढून दाखवली. चार पुंगळ्यांच्या बुडाला टोचा पडलेला होता. पाचवं काडतूस जसंच्या तसं, नवं कोरं.

त्यांचा कोट वळताना उलगडला होता. त्याच्या डाव्या बाजूला, छातीपाशी, आरपार भोक होतं. वळले नसते तर तिथं काय होतं ते सांगायला नको. इतकी वर्षं तो पाचांनंतर थांबायचा. आपली पाळी येईपर्यंत थांबायचा. आता थांबत नव्हता.

आम्ही रांगत कडेला गेलो. मी ते रिव्हॉल्व्हर, उरलेल्या काडतुसासकट, हिरव्या पाण्यात फेकून दिलं. ते बुडालं आणि पाण्यावर एक तरंगसुद्धा उठला नाही. वाट चढून जाईपर्यंत मी आप्पांना माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः पाठ फळीकडे केली. घरी आल्यावर आप्पा इतकंच म्हणाले, की मला एकदा तरी त्याच्यावर झाडायची होती. मग त्यांनी माझ्या गुडघ्याला मलम लावलं.

हत्यार पाण्यात पडलं असं लिहून दिलं, दोन दिवस प्रश्नांची उत्तरं दिली, परवाना रद्द झाला. घर विकून आम्ही दोघं दुसऱ्या गावात आलो, खूप लांब. इथं समुद्रसपाटीचा सपाट प्रदेश आहे, डोंगर नाही, दगड नाही, खाण नाही. आई आता आप्पांची चौकशी करते. मी दुकान थाटलं, शेजारच्या टेबलावर आप्पा घड्याळं घेऊन बसतात. या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. माझं बोलणं ते ओठांवरून ओळखतात.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. इथं आल्यापासून, कामात असताना मधेच आप्पांचे ओठ हलायला लागायचे. मोजत असायचे. मी एकदा समोर जाऊन विचारलं, काय मोजताय. ते म्हणाले, ऐकू येतंय... काडतूस घरात बसल्याचा आवाज. एकेक भरतोय. मी म्हटलं, पाचच घरं असतात. ते म्हणाले, आपल्याला. तेव्हा आकडा चारशेच्या पुढे होता. मग मी विचारणं सोडलं. ते मोजत राहिले, दिवसाला एक, कधी दोन, हळू, सवड असल्यासारखं.

काल दुपारी मी भिंगाखाली एक काच घासत बसले होते. आप्पांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. बराच वेळ मान तिरकी करून ऐकत राहिले. त्यांचे ओठ हलत नव्हते.

"भरून झालं त्याचं," ते म्हणाले.

मग ते उठले, माझ्या खुर्चीमागे आले आणि मी बसले होते तशीच ती खुर्ची खिडकीसमोरून ओढून भिंतीच्या आड नेली.